सासूबाईंची मूठ, लेकाचा डबा आणि तुझ्या त्या गमीज

आधी पत्र देते, थोडं कापलंय.

"ताई, मी ४३ वर्षांची, चिंचवडला राहते, बँकेत नोकरी. घरात पाच माणसं आणि गोळ्यांबद्दल पाच मतं. सासूबाई ६९. आयुष्यभर साधी तापाची गोळी घ्यायला कुरकुर करायच्या, आता सोसायटीतल्या एका बाईंकडून महिन्याला चार-साडेचार हजारांची सप्लिमेंट्स घेतात. सकाळी थायरॉइडची गोळी, कॅल्शियम, आणखी कसल्या कसल्या कॅप्सूल अशी सगळी मूठ एकदम तोंडात. वर डी व्हिटॅमिनची ६० हजार युनिटची पावडर दर रविवारी, दोन वर्षं झाली. गेल्या वर्षी त्यांची बहीण, म्हणजे मावशी, बाथरूममध्ये पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून तर जास्तच. सासरे ७४, माळकरी, शुगरच्या गोळ्या १५ वर्षं चालू, पण त्यापलीकडे काही घ्यायचं नाही, 'सवय लागते' हे पालुपद. पायाला मुंग्या येतात पण डॉक्टरांनी दिलेलं बी-१२ तसंच पडलंय. मुलगा १९, जिम, व्हे आणि क्रिएटिनच्या पावडरी. नवरा म्हणतो सगळा धंदा आहे. माझंही तेच मत. मला स्वतःला लोहाच्या गोळ्या दिल्यात, हिमोग्लोबिन ९.२ आहे, पण आठवडाभरात पोट बिघडलं, बंद केल्या. (केस गळतात म्हणून इन्स्टावरून बायोटिनच्या गमीज मागवल्यात, ते वेगळं.) या लोकांना कसं समजावू? वय झालं की माणूस इतका बदलतो का? — वैतागलेली सून"

अगं, तुला तू म्हणते हं, माझी लेक तुझ्याच वयाची आहे. पत्र वाचलं आणि त्या कंसापाशी आले तिथे जोरात हसले. "ते वेगळं" म्हणे! वेगळं कसलं, तेच तर आहे.

साताऱ्याला आमचं मेडिकलचं दुकान होतं, आम्ही दोघं मिळून चालवायचो, काउंटरवर मी २९ वर्षं उभी होते. गिऱ्हाइकं त्याच गल्लीतली, त्यामुळे एकाच माणसाला विशीत पण बघितलं आणि पन्नाशीत पण. तर तू विचारतेस माणूस बदलतो का, मला विचारशील तर माणूस फारसा नाही बदलत गं, गोळीकडून त्याला काय हवंय ते बदलतं. कॉलेजचा पोरगा यायचा, वजन वाढायची पावडर मागायचा, कारण त्याला कुणीतरी व्हायचं असायचं, हाडकुळा म्हणून मित्र चिडवायचे. तोच पोरगा दहा-बारा वर्षांनी दोन लेकरांचा बाप होऊन यायचा आणि लेकरांसाठी टॉनिक न्यायचा, स्वतःसाठी काही नाही, विचारलं तर "मला काय धाड भरलीय". आणि पंचेचाळिशी-पन्नाशीत पहिला रिपोर्ट वाईट आला की तोच माणूस दुकानात गर्दी नाही बघून यायचा आणि बारीक आवाजात विचारायचा, वहिनी, ते ओमेगा थ्री चांगलं असतं का हो. निरोध मागताना लोक जो आवाज काढतात ना, तोच. लाज कसली वाटायची माहितीये, आपलं शरीर आता आपलं ऐकत नाही याची.

आणि सत्तरीच्या बायका, त्या काही नाव घेऊन मागायच्या नाहीत, "हाडाची गोळी द्या". कशाला हवी विचारलं की दहातल्या आठ जणींचं उत्तर एकच, कुणावर भार व्हायला नको.

माझं पण ऐक. तिशीत मी फार शहाणी होते, कुणी बाई "ताकदीची गोळी" मागायला आली की तिला सांगायचे, अहो दोन वेळ नीट जेवा, काही नको गोळीबिळी. बी-कॉम्प्लेक्स घेतलं की लघवी पिवळीधमक होते, लोक घाबरून परत यायचे, "उष्ण पडली गोळी", तर मी घरी येऊन हसायचे (ते नुसतं जास्तीचं रायबोफ्लेविन, म्हणजे बी-२ व्हिटॅमिन, बाहेर पडतं, उष्णबिष्ण काही नाही). मग मी ५८ ची असताना मिस्टर गेले, दुकान विकलं, आणि पुढच्या वर्षभरात माझ्या डब्यात सात गोळ्या जमल्या. फार्मसीचा डिप्लोमा केलेली बाई मी! सातपैकी पाच कशाला घेतेय हे मलाही सांगता आलं नसतं. पण रोज सकाळी त्या सात गोळ्या बशीत मांडायच्या, त्यात जरा बरं वाटायचं, कुणीतरी आपली काळजी घेतंय असं, मग ते आपण स्वतःच का असेना. आता दोन आहेत, डॉक्टरांनी दिलेल्या.

बरं यात अडाणीपणाचा काही संबंध नाही हं. लायनस पॉलिंग, दोन नोबेल मिळवलेला माणूस, एक रसायनशास्त्राचं १९५४ चं आणि एक शांततेचं १९६२ चं. तो पासष्टीत असताना एका भाषणात म्हणाला की अजून पंचवीस वर्षं जगायला मिळालं तर बरं, आणि ते ऐकून एकाने त्याला पत्र पाठवलं की व्हिटॅमिन सी घ्या, भरपूर घ्या. झालं, पुढचं सगळं आयुष्य त्याने त्या एका व्हिटॅमिनचा किल्ला लढवला, रोज ग्रॅमच्या ग्रॅम घेतलं, सर्दीपासून कॅन्सरपर्यंत सगळ्यावर तेच. मोठमोठ्या तपासण्यांत ते टिकलं नाही. तो स्वतः ९३ वर्षं जगला पण शेवटी कॅन्सरनेच गेला. माझा मुद्दा एवढाच की पत्र आलं तेव्हा त्याचं वय काय होतं ते बघ. तेच पत्र तिशीत आलं असतं तर टोपलीत गेलं असतं.

आता तुझ्या घराकडे येऊ. सासूबाईंपासून सुरू करते कारण तू सहज लिहून गेलीस त्यातली एक गोष्ट खरंच गंभीर आहे, आणि ती चार हजार रुपयांची नाहीये. थायरॉइडची गोळी आणि कॅल्शियम एकत्र घेतात ना, ते आजच थांबव. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची असते, आणि कॅल्शियम असो की लोह, त्याच्यापासून किमान चार तास लांब, कारण कॅल्शियम पोटातच त्या गोळीला धरून ठेवतं आणि ती अंगी लागतच नाही. मग काय होतं, टीएसएच (थायरॉइडच्या रक्ततपासणीतला आकडा) वाढलेलं दिसतं, डॉक्टर डोस वाढवतात, ७५ ची १०० होते, १०० ची १२५, आणि त्यांना बिचाऱ्यांना कुणी सांगितलेलंच नसतं की बाई वरनं कॅल्शियम खातायत. दुकानात असताना अशा कितीतरी जणी बघितल्यात. आणि एक, आता तू दोन्ही वेगळं केलंस की तीच थायरॉइडची गोळी जास्त लागू पडायला लागेल, म्हणजे डोस उलट जास्त होऊ शकतो, छातीत धडधड, हात थरथरणं असं. म्हणून डॉक्टरांना हे वेगळं केल्याचं सांग आणि सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच परत कर. कॅल्शियम दुपारच्या जेवणानंतर दे, कार्बोनेटवालं असेल तर जेवणाबरोबरच नीट पचतं. आणि दोन गोळ्या असतील तर दोन वेळा विभागून, कारण एका वेळी ५०० मिलिग्रॅमच्या आसपासच शरीराला नीट घेता येतं.

दुसरं ती रविवारची पावडर. ६० हजारची पावडर साधारण आठ आठवडे दर आठवड्याला, मग महिन्याला एक असं डॉक्टर देतात, आणि लोक तीच जुनी चिठ्ठी घेऊन दुकानात येतात आणि दुकानदार देतो (आम्ही पण दिली असेल गं, खोटं कशाला बोलू). डी हे चरबीत साठणारं व्हिटॅमिन आहे, सी आणि बी सारखं लघवीतून निघून जात नाही, दोन वर्षं दर रविवारी म्हणजे किती साठलं असेल कुणास ठाऊक. जास्त झालं की रक्तातलं कॅल्शियम वाढतं, मग मळमळ, तहान, सारखी लघवी, बद्धकोष्ठ, मुतखडा, म्हाताऱ्या माणसाला तर गोंधळल्यासारखं पण होतं आणि घरचे म्हणतात वय झालं आता. तर पुढच्या रविवारची थांबव, डी आणि कॅल्शियम दोन्हीची रक्तातली तपासणी कर, रिपोर्ट बघून डॉक्टर ठरवतील.

आणि त्या सोसायटीतल्या बाईंच्या कॅप्सूल. मला वाटतं त्यांनी सासूबाईंच्या हातात एक दांडी धरायला लावली असेल, लॅपटॉपला जोडलेली, आणि दोन मिनिटांत तीस-चाळीस पानी रिपोर्ट काढून दिला असेल की लिव्हर अमुक टक्के, हाडं तमुक टक्के? आमच्या इकडे पण फिरतं ते मशीन. त्याला काही अर्थ नाही, एकच माणूस दहा मिनिटांनी परत बसव आणि बघ काय येतं. पण हे तू सासूबाईंना सांगू नकोस. मी सांगते का, त्या बाई दर आठवड्याला येऊन तुझ्या सासूबाईंशी अर्धा तास बोलत असणार, गुडघे कसे आहेत, झोप लागते का. घरात तेवढा वेळ कुणाला आहे? तू बँकेतून सातला येणार. तू कॅप्सूल खोट्या ठरवायला गेलीस की त्यांना वाटणार माझी एवढी एक मैत्रीण पण हिला बघवत नाही.

त्यांची भीती खोटी नाहीये हे धर आधी. बहीण पडली, खुबा मोडला, अंथरुणात पडल्या, ते त्यांनी डोळ्यांनी बघितलंय. फक्त त्या भीतीचं औषध त्या बाटलीत नाहीये. अमेरिकेत एक मोठी तपासणी झाली, पन्नाशीच्या पुढची पंचवीस हजारांवर माणसं, काहींना रोज डी व्हिटॅमिन, काहींना नुसती बिनऔषधाची गोळी, पाचेक वर्षं बघितलं, आणि हाडं मोडण्यात फरक पडला नाही (२०२२ साली आले ते निष्कर्ष). म्हणजे ज्यांना खरोखर कमी आहे त्यांना देऊ नये असं नाही, पण ज्यांना पुरेसं आहे त्यांनी वरनं ओतून हाडं लोखंडाची होत नाहीत. माणूस पडतो म्हणून हाड मोडतं, तर आधी पडणं थांबव. बाथरूममध्ये धरायला दांडा बसवून घे, ओल्या फरशीवर जाळीची चटई, रात्रीचा छोटा दिवा, मागे पट्टा असलेली चप्पल, मोतीबिंदू बघून घे, झोपेची गोळी चालू असेल तर ती विचारून घे, रात्री उठताना त्याच गोळीने तोल जातो. आणि हाडांची डेक्सा तपासणी करा एकदा, खरंच ठिसूळ निघाली तर त्याची वेगळी औषधं आहेत, आणि ती घ्यायला त्या तुझ्यापेक्षा आनंदाने तयार होतील बघ. एका महिन्याच्या त्या चार हजारांत बाथरूमचा दांडा बसून वर पैसे उरतील. आणि सासूबाईंना घेऊन जाऊन त्यांच्याकडूनच दांडा निवडून घे.

नाचणी, तीळ, दूध-दही हे मी सांगायला नको, शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं हे त्यांना माहीत नसेल पण आंबील त्यांना तुझ्यापेक्षा चांगली येत असेल.

सासऱ्यांचं तर उलटं आहे, आणि इथे मला तुझा जरा राग आला. सासूबाई गरज नसताना खातात म्हणून तू वैतागतेस, सासरे गरज असून घेत नाहीत ते एका ओळीत उरकलंस. शुगरच्या गोळीच्या पाकिटावर मेटफॉर्मिन लिहिलंय का बघ, बहुतेक असणारच. ती गोळी वर्षानुवर्षं घेतली की बी-१२ अंगी लागणं कमी होतं. वर माळकरी, म्हणजे अंडं-मासा नाही, बी-१२ येणार ते दूध-दह्यातून जे काय येईल तेवढंच. वर चौऱ्याहत्तर वय, या वयात पोटातलं आम्ल कमी होतं त्यामुळे अन्नातलं बी-१२ सुटं होत नाही, आणि ॲसिडिटीची गोळी रोज घेत असतील तर आणखी कमी. आता मुंग्या शुगरमुळे पण येतात, त्यामुळे आधी बी-१२ ची तपासणी, मग बाकीचं. पण फार दिवस घालवू नका, नसांचं एकदा जास्त नुकसान झालं की मग पूर्ण भरून येत नाही.

त्यांना पटवायचं कसं, तर आधी हळूच विचार की कॅप्सूलची अडचण आहे का. कॅप्सूलचं कवच बऱ्याचदा जिलेटिनचं असतं, जिलेटिन जनावरांच्या हाडा-कातड्यापासून होतं, आणि माळकरी माणूस हे कुठेतरी ऐकून असतो पण सुनेला कसं सांगायचं म्हणून "सवय लागते" म्हणतो. आमच्याकडे असे दोन-तीन आजोबा होते. बी-१२ साध्या गोळीत मिळतं, इंजेक्शन पण असतं, दुकानदाराला स्पष्ट सांग कॅप्सूल नको. आणि सवयीचं म्हणशील तर बी-१२ ची सवयबिवय लागत नाही, पण हे तू नको सांगू, शुगरच्या डॉक्टरांना सांगू दे, "काका, त्या गोळीने जे कमी होतं ते ही भरून काढते" एवढंच. शुगरची गोळी पंधरा वर्षं बिनतक्रार घेतायत ना, तर त्या गोळीची जोडीदारीण म्हणून ही पण घेतील.

मुलाचं मला फार वाटत नाही. व्हे म्हणजे काय, चीज करताना दूध फाटून जे पाणी उरतं त्यातलं प्रोटीन, विष नाही आणि अमृत पण नाही. त्याचं वजन ६५ किलो धरलं तर बसून राहणाऱ्या माणसाला रोज ५४-५५ ग्रॅम प्रोटीन पुरतं, तो वजनं उचलतो म्हणून ८०-१०० धर. दोन वाट्या डाळ, अर्धा लिटर दूध, तीन अंडी, मूठभर शेंगदाणे, थोडं पनीर किंवा सोयाबीनच्या वड्या, झालं की. उरलेल्यासाठी एक चमचा पावडर घेतली तर घेऊ दे. फक्त डबा कुठला आहे बघ. २०२४ साली केरळमधल्या डॉक्टरांनी आपल्याकडे मिळणारे ३६ प्रोटीनचे डबे तपासले तर साधारण ७० टक्के डब्यांवर प्रोटीनचा आकडाच बरोबर नव्हता, काहींत बुरशीचं विष पण निघालं. क्रिएटिन दिवसाला ३ ते ५ ग्रॅम, त्यावर भरपूर अभ्यास झालाय, धडधाकट पोराला चालतं, पण त्याने रक्ताच्या रिपोर्टमध्ये क्रिएटिनिन (किडनीचं काम बघायचा आकडा) थोडं जास्त दिसू शकतं आणि मग अख्खं घर किडनी गेली म्हणून रडायला बसतं, तर तपासणीच्या वेळी डॉक्टरांना आधी सांगायचं. तू त्याला रागावण्यापेक्षा एकच गोष्ट विचार, जिममध्ये कुणी इंजेक्शन किंवा बिनलेबलची गोळी देतं का. तिथे मात्र आईने अजिबात ऐकून घ्यायचं नाही.

नवरोबांचं "सगळा धंदा आहे" हे पाऊण बरोबर आहे. उरलेल्या पावात त्यांचे वडील आणि बायको येतात.

आता तू. हिमोग्लोबिन ९.२ म्हणजे कमीच आहे गं, बायकांना १२ च्या वर हवं. तू एकटी नाहीस, राष्ट्रीय पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांचं रक्त कमी निघालंय, पण म्हणून ते चालण्यासारखं नाही. तू थकतेस, केस गळतात, सगळ्यांवर वैतागतेस, आणि त्याला उपाय म्हणून डॉक्टरांनी दिलेली पन्नास-शंभर रुपयांची स्ट्रिप कपाटात टाकून इन्स्टावरच्या गमीज चघळतेस. का माहितीये? लोहाची गोळी म्हणजे मला काहीतरी झालंय, आणि गमी म्हणजे मी स्वतःचे लाड करतेय. सासूबाईंची मूठ आणि तुझी गमी एकाच दुकानातली आहे बाई, फक्त पाकीट गुलाबी आहे.

तर लोह परत सुरू कर, डॉक्टरांना विचारून एक दिवसाआड घे, एक दिवसाआड घेतलेलं उलट जास्त शोषलं जातं असं आता दिसलंय आणि पोटाला पण सोपं जातं. लिंबूपाण्याबरोबर, चहाबरोबर अजिबात नाही, चहाच्या आधी-नंतर तास-दीड तास सोड, दुधाबरोबर नाही, कॅल्शियमबरोबर नाही. शौच काळी होते त्याला घाबरू नकोस. नाहीच सोसलं तर दुसऱ्या प्रकारचं लोह मिळतं, बदलून माग, बंद करू नकोस, आणि हिमोग्लोबिन जागेवर आलं तरी पुढे तीनेक महिने चालू ठेवायचं असतं, साठा भरायला. आणि मुख्य म्हणजे ४३ व्या वर्षी रक्त जातंय कुठे? पाळीला जास्त जातं का, तू लिहिलं नाहीस, बायका लिहीत नाहीत. पॅड दोन तासांत भरत असेल, गाठी पडत असतील तर स्त्रीरोग डॉक्टरांकडे जाऊन सोनोग्राफी कर, नुसतं लोह ओतून भोक पडलेली घागर भरत नाही.

सगळ्यांच्या तपासण्या एकाच दिवशी लाव, शनिवारी घरी येऊन रक्त नेणारा बोलाव. सासूबाईंचं टीएसएच, डी, कॅल्शियम, सासऱ्यांचं बी-१२, तुझं हिमोग्लोबिन, फेरिटिन (लोहाचा साठा कळतो त्यात) आणि थायरॉइड पण. आणि त्या आधी दोन-तीन दिवस गमीज बंद, बायोटिन जास्त असलं की थायरॉइडचा रिपोर्ट चुकीचा येतो, नसलेला आजार दिसतो नाहीतर असलेला लपतो. सासूबाईंच्या कॅप्सूलमध्ये पण बायोटिन आहे का ते पाठीमागच्या बारीक अक्षरात बघ, चष्मा लावून. रिपोर्ट आले की मला आकडे कळव, आणि लोहाच्या किती गोळ्या संपल्या ते पण.